कासवांसाठी मागितलेला काळोख

माघ लागला की आमच्या डोंबिवलीच्या घरात काळ्या वाटाण्यांना भाव चढतो. गावकऱ्यांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा याच महिन्यात असते, आणि जेवणातल्या सांबाऱ्यासाठी वाटाणे निवडून भिजत घालायचं काम लग्न झाल्यापासून माझ्या गळ्यात पडलंय. आज सकाळी ताट घेऊन गॅलरीत बसले. हवेत थोडा गारवा, थोडा एमआयडीसीचा वास. आमच्याकडे थंडी पडली की अंगाआधी नाकाला कळतं. खालून पावट्याच्या शेंगांची हातगाडी गेली. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुठलीशी आई दहावीतल्या लेकावर तार सप्तकात ओरडत होती. आणि मला दरवर्षीप्रमाणे ती एक थंडी आठवली. मी जिंकले ती.

मी आयुष्यात फार काही जिंकलेली बाई नाही. शाळेत लिंबू-चमचा, नंतर हळदी-कुंकवाला एकदा संगीत खुर्ची, संपलं. त्यामुळे हा विजय मी जरा मिरवूनच सांगणार आहे. ज्यांना बायकांनी मिरवलेलं बघवत नाही त्यांनी इथेच थांबावं.

मी मूळची कल्याणची. समुद्राशी माझा संबंध म्हणजे खाडी, आणि खाडीशी संबंध म्हणजे पुलावरून जाताना नाकाला लावलेला रुमाल. सिंधुदुर्गातल्या सासरी पहिल्यांदा गेले ती लग्नानंतरच्या दिवाळीत. घराच्या मागे माडाच्या दोन ओळी आणि त्यापलीकडे थेट समुद्र. संध्याकाळी जेवण आटोपून आम्ही वाळूत गेलो, आणि मी जागच्या जागी उभी राहिले. इतका काळोख मी जन्मात बघितला नव्हता. आमच्या कल्याणात काळोख म्हणजे लाइट गेलेली असणं, म्हणजे घाम, डास आणि जिन्यातली बडबड. हा तसला नव्हता. वर आकाश गच्च भरलेलं, आणि खाली लाटांच्या फेसाला स्वतःचाच एक फिकट उजेड. मी खुळ्यासारखी बघत बसले आणि आमचे हे शेजारी उभे राहून सारखे म्हणत होते, बॅटरी घे, बॅटरी घे, पायाखाली बघ.

सकाळी त्याच वाळूत पाण्यापासून वरपर्यंत माग उमटलेला. कोणी खेळण्यातला ट्रॅक्टर चालवत नेल्यासारखा. कासव येऊन गेलं, हे म्हणाले. अंडी कुठे आहेत विचारलं तर हसले. तेव्हा अंडी कुठे असायची हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण कोणीतरी उजाडायच्या आत उकरून नेलेली असायची. कुत्री नेत, कोल्हे नेत, माणसंही नेत. पुढे काळ पालटला. गावातल्या पोरांनी आणि वनखात्याच्या माणसांनी मिळून पहारा सुरू केला, अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुरायला लागले, आणि माझी धाकटी जाऊ शालू त्यात सगळ्यात पुढे. माणसाच्या तोंडातून अंडी वाचली. आता कासवांना भीती होती ती माणसाच्या प्रेमाची, आणि ती निघाली थेट आमच्या डोंबिवलीतून.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. कळवा, ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे आमच्या गावची जेवढी माणसं राहतात तेवढी आता गावात उरलेली नाहीत. सगळे पोटासाठी इकडे आले आणि जीव तिकडे ठेवून आले. म्हणून मंडळ. मंडळ वर्गणी काढतं आणि गावावर प्रेम करतं. देवळाला कौलं काढून स्लॅब घातला, प्रेमाने. वेशीवर एवढी मोठी कमान बांधली, तिच्यावर देवाच्या नावापेक्षा देणगीदारांची नावं ठळक, तीही प्रेमाने. गावाला काय हवं ते गावाला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

आमचे हे या मंडळाचे चिटणीस. आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकचे पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. रिटायर झाले आणि सगळी विद्या गावाला वाहायची असं ठरवून बसले. किनाऱ्यावर उंच खांब, त्यावर पांढरेशुभ्र दिवे, खाली बाकडी. शिमग्याला दिव्याखाली क्रिकेटचे सामने. ठाण्याच्या तलावपाळीवर कसं वाटतं, तसं आपल्या गावात वाटलं पाहिजे, असं ते भर सभेत बोलले आणि टाळ्या पडल्या. परवानगीचं नंतर बघू, असं ठरलं. त्या दिवाळीत नमुना म्हणून एक खांब उभाही राहिला. त्याचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा हात जोडलेल्या चित्रांचा नुसता पाऊस. बाकीचे खांब शिमग्याच्या आत लागायचे होते.

मला तो फोटो आवडला नव्हता, पण का ते सांगता येत नव्हतं. ते सांगितलं शालूने.

पौषात एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ आला. वेळेआधी रचलेलं एक घरटं पोरांच्या नजरेतून सुटलेलं, कुंपणाबाहेरच राहिलेलं. ते फुटलं आणि पिल्लं वर आली. कासवाचं पिल्लू वाळूतून बाहेर पडलं की जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतं. लाखो वर्षं ती उजळ बाजू समुद्राचीच होती, त्यामुळे त्यांना दुसरं काही शिकायची गरज पडली नाही. व्हिडिओत ती काळी काळी बोटभर पिल्लं समुद्राकडे पाठ करून आमच्या ह्यांच्या खांबाकडे चालली होती. सगळी. घाईघाईने, उत्साहाने. खांबाखाली दोन कुत्री बसलेली. शालू एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने पिल्लं टोपलीत भरत होती, आणि तिला सगळी भरता येत नव्हती. मग तिने फोन ठेवूनच दिला असावा, कारण पुढे नुसती वाळू दिसते आणि तिचं हाड् हाड् ऐकू येतं.

त्यानंतर तिचा फोन आला. रडत नव्हती, शालू रडणाऱ्यातली नाही. म्हणाली, वैनी, एका खांबान ह्या केल्यान, उरलेले इले तर आमका कुंपण काढूनच टाकूक व्हया. मादी तर उजेड बघून वाळूत चढणारच नाही, पाण्यातूनच परत फिरेल, असंही म्हणाली. भावोजींका सांगा, एवढंच तिचं म्हणणं.

मी तिच्या भावोजींना, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगितलं. व्हिडिओही दाखवला. त्यांनी तो पूर्ण बघितला, चष्मा काढून पुसला, आणि बल्बचा रंग बदलता येईल, वेळ ठरवता येईल असं काहीबाही बोलायला लागले. मी म्हटलं, रंग नको, वेळ नको, दिवाच नको. तेव्हा ते भडकले. हा माणूस सहसा भडकत नाही, म्हणून मी तेव्हाचं वाक्य विसरलेले नाही.

"कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत शिकलो आम्ही. आईला अंगणात फुरसं चावलं ते काळोखात. त्या काळोखातून एवढ्या कष्टाने बाहेर पडलो, आणि तू आता माझ्याकडे परत काळोख मागतेस?"

  माझ्यासाठी तो काळोख म्हणजे लग्नानंतरच्या दिवाळीतलं आकाश. त्यांच्यासाठी तो काळोख म्हणजे आईचा सुजलेला पाय आणि दारात जमलेली माणसं. एकाच वाळूत आम्ही दोघं उभे होतो आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. त्या रात्री मला त्यांचा राग आला नाही. राग यायला मंडळाची कळव्याची सभा व्हावी लागली.

कळव्याच्या सभेत मी उभी राहिले. आमच्या मंडळात बायका उभ्या राहतात त्या चहा द्यायला, त्यामुळे मी उठल्यावर दोघातिघांनी कप पुढे केले. मी बोलले, मला जमेल तसं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मागून एकजण म्हणाला, वहिनी, कासवं काय मंडळाची वर्गणी भरतात? सभागृह हसलं. दुसऱ्याने गावच्या विकासात खोडा घालणाऱ्यांविषयी चार शब्द ऐकवले. आमचे हे खाली मान घालून बसले होते, ना माझ्या बाजूने बोलले ना त्यांच्या. उरलेल्या खांबांचा ठराव पास. वर राष्ट्रगीत.

घरी आल्यावर मी भांडले नाही. मी तोंडली केली. आमचे हे तोंडल्याची भाजी बघूनच ताट मागे सारतात. दुसऱ्या दिवशी तोंडली-भात केला. तिसऱ्या दिवशी तोंडल्याची रस्सा भाजी. ते निमूटपणे जेवत होते, म्हणजे आतून कुठेतरी त्यांनाही लागलं होतं, पण चिटणीसपद माणसाला एकदा चिकटलं की सुटता सुटत नाही.

त्या दिवसांत मी संध्याकाळी याच गॅलरीत बसायचे आणि वर बघायचे. डोंबिवलीला आकाश आहे की नाही यावर पैज लावावी अशी परिस्थिती. समोर नव्या टॉवरचं काम चालू, त्याच्या क्रेनवर मोठा झोत, खाली दुकानांच्या पाट्या, आणि सगळ्यावर एक नारिंगी-करडं झाकण. या झाकणाखाली आम्ही पोरं वाढवली, हप्ते फेडले, सुखी झालो. मग वाटलं, आपण इथे हरलो ते हरलो. पण ज्या वाळूवर अजून हरलेलो नाही तिथे हे झाकण घेऊन कशाला जायचं? आणि एकदम तात्या आठवले.

तात्या म्हणजे ह्यांचे चुलते. ऐंशी ओलांडलेले, कळव्याला मुलाकडे राहतात. पूजेच्या आधी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. आमच्या दक्षिण कोकणात कुठलंही कार्य असो, आधी एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. ते मागणं म्हणजे गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. देवासमोर एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की ते वाक्य तुमचं झालं. ते मागे घेता येत नाही.

मी डब्यात घावणे आणि नारळाचा गोड रस घेऊन कळव्याला गेले. तात्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं, व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून तो बघितला, मग परत बघितला.  घावणे खाल्ले. रसात गूळ कमी पडलाय म्हणाले. मी निघताना चप्पल घालत होते तेव्हा आतून म्हणाले, बघूया. मला वाटलं, म्हाताऱ्याने विषय संपवला.

पूजेचा दिवस. डोंबिवलीतला दरवर्षीचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, अत्तरदाणी, शिऱ्याचा तुपकट वास. आमचे हे माइक धरून तात्यांच्या शेजारी उभे, कारण गाऱ्हाण्यात तात्यांचे दोन्ही हात जोडलेले असतात. गाऱ्हाणं सुरू झालं. बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा. हॉल गरजला. व्हय म्हाराजा. पोरांका परीक्षेत यश दी. व्हय म्हाराजा. ज्याची नोकरी गेली आसात, तेका परत गावांदे. व्हय म्हाराजा. लग्नं, आजारपणं, कोर्टकज्जे, एकाचा परदेशाचा व्हिसा, सगळं ओळीने आलं. तात्यांना सगळ्यांची दुखणी पाठ. लोकांचे डोळे अर्धे मिटलेले, अर्धं लक्ष जेवणाकडे, आणि तोंडं आपोआप चालू. तात्यांनी श्वास घेतला.

"तुझ्या किनाऱ्यार दर वरसाक जी कासवी येता, तीवय तुझाच लेकरू. तिच्या वाटेर कोणी दिवो लावूचो नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण लावीत, तेका तूच काय ता बघून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माइकवरून आला. तो आमच्या ह्यांचा होता.

 लोकांना एकेकाला कळत गेलं, पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. कोणीतरी खोकलं. तात्यांनी नारळ वाढवला, तो एका फटक्यात फुटला, आणि भटजींनी कलशावर फूल ठेवून पूजा सुरूसुद्धा केली. मी बायकांच्या बाजूला उभी होते. पदर तोंडात कोंबला होता, पण हसू कानातून बाहेर यायला लागलं. माझ्या शेजारची काकू म्हणाली, काय गो, बरा वाटना नाय? मी म्हटलं, इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पंगतीत वाद झालाच. वर्गणीवाला विनोद करणारा म्हणाला, ही फसवणूक आहे. तात्या वडा मोडत शांतपणे म्हणाले, मी काय चोरून बोल्लंय? माइकवर बोल्लंय.  वीज मंडळाशी, वनखात्याशी, ग्रामपंचायतीशी दोन हात करायला आमची माणसं तयार असतात. पण देवाने आपल्याला बघून घ्यावं याला कोणी तयार होईना. ठराव रद्द करायची सभासुद्धा घ्यावी लागली नाही.

रिक्षातून घरी येताना हे रस्त्यावरचे दिवे बघत होते. मला धाकधूक. चारचौघांत त्यांचं हसं झालं होतं, आणि त्यांच्या आईचा तो सुजलेला पाय मला विसरता येत नव्हता. स्टेशन गेलं, पूल गेला, आमची गल्ली आली. उतरताना म्हणाले, गावात एसटीच्या थांब्यावर दिवा नाही. शाळेच्या घाटीवर पण नाही. म्हातारी माणसं पडतात तिथे. मी म्हटलं, मग तिथे लावा की. ते म्हणाले, हो, तिथे लावतो. त्या रात्री मी बटाटा केला.

आता इतक्या वर्षांनी तेच खांब थांब्यावर आणि घाटीवर उभे आहेत, आणि त्यांच्या उजेडात माणसं सुखाने चालतात. उजेड वाईट नसतो हे मीही त्यातून शिकले. सगळं संपलं असं नाही. शेजारच्या किनाऱ्यावर दगडांची भिंत घातलीय, तिथे कासवाला चढायला वाळूच राहिली नाही. कोणीतरी रिसॉर्टचं बोलतंय, वाळूचे ट्रक चोरून भरतात, जाळ्यात अडकलेली मादी शालू दर हंगामात एखादी तरी सोडवते. पण आमच्या वाळूवर दिवा लागलेला नाही. आणि गंमत अशी की गेल्या वर्षी कल्याणातल्या, दुसऱ्या एका किनारी गावच्या मंडळाने तात्यांना गाऱ्हाण्याला बोलावलं. त्यांच्या किनाऱ्यावरही दिवे यायचे होते. तात्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि परत आल्यावर मला फोन करून एवढंच म्हणाले की तिथला शिरा आपल्यापेक्षा बरा होता. तिथेही दिवे आले नाहीत.

पण मी जिंकले त्या हंगामाचा खरा दिवस शिमग्यातला. आम्ही सगळे गावी गेलेलो. ह्यांनी नमुन्याचा खांब स्वतः उभं राहून उतरवला होता. संध्याकाळी शालूने निरोप पाठवला की कुंपणातलं एक घरटं फुटलंय, पिल्लं सोडायची आहेत. निम्मं मंडळ वाळूत जमलं. हे सगळ्यांच्या पुढे टोपली घेऊन फिरत होते आणि प्रत्येकाचा मोबाइल त्यात टाकून घेत होते. वर्गणीवाला कुरकुरला तर त्याला असा झापला की बास.

सूर्य गेला. शालूने पिल्लांवरचं बांबूचं डालगं उचललं. पिल्लं क्षणभर थबकली, आणि मग त्यांची ती घाई सुरू झाली, इवल्या पायांनी वाळू मागे ढकलत. एक लाट आली, पुढची चार घेऊन गेली.  तेवढ्यात मागची सात-आठ पिल्लं थांबली आणि वळली. समुद्राकडे पाठ करून आमच्याकडे यायला लागली. आम्ही सगळ्यांनी मागे बघितलं. माडांच्या वर देऊळ शिमग्याच्या रोषणाईने झगमगत होतं. ती रोषणाई ह्यांनीच कल्याणच्या बाजारातून आणलेली.

गुडघे दुखतात म्हणून घरात स्टुलावर न चढणारा माझा नवरा वाळूतून धावला. ओरडत धावला. देवळातले दिवे घालवा, घरातले घालवा, सगळे घालवा. गुरव आधी तयार होईना, ऐन शिमग्यात देवाला काळोखात कसं ठेवायचं? मग त्याने गाभाऱ्यातल्या समईकडे बघितलं आणि मेन स्विच खाली ओढला. देऊळ विझलं. मग आमचं घर विझलं. मग वाडीतलं एकेक घर, पडवी, गोठा, कोपऱ्यावरचं दुकान. कोणी आज्ञा दिली नव्हती, कोणाच्या डोक्यावर शाप नव्हता. माणसं आपल्या हाताने बटणं बंद करत होती आणि दारात येऊन उभी राहत होती.

सगळीकडे काळोख झाला. तो माझा जुना काळोख, तसाच, आकाशासकट. पिल्लं वाळूत स्तब्ध. मग त्यातलं एक हळूच फिरलं. मग दुसरं. फेसाच्या त्या फिकट उजेडाकडे त्यांनी तोंडं केली आणि निघाली. शेवटचं पाण्यात गेलं तेव्हा वाडीने जो आवाज केला तसा आवाज मी कुठल्या क्रिकेटच्या सामन्यात ऐकलेला नाही. शालू, न रडणारी शालू, रिकामं डालगं छातीशी धरून हमसून हमसून रडत होती.

हे धापा टाकत परत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. बराच वेळ समुद्राकडे बघत होते, मग वर. मग म्हणाले, "अगं, दिसतंय की सगळं."

आणि त्यांनी माझा हात धरला. गावात, सगळ्या भावकीत, लग्नानंतर पहिल्यांदाच. काळोख होता म्हणून जमलं.